टाकीत चार तांबे

१

माणूस मेला की लोक पोलीस पाटलाकडे येतात, बैल चोरीला गेला की येतात, आणि बांध कोरला म्हणून तर रोजच येतात. पण रोपं मेली म्हणून मला अंथरुणातून उठवणारा सर्जेराव हा पहिलाच. एकोणीसशे नव्व्याण्णव सालचा फाल्गुन होता. रात्रभर गुडघा ठणकत होता, पहाटे कुठे डोळा लागला होता, आणि हा दारात उभा राहून बोंब मारत होता.

“काकासाहेब, खून झाला! माझा खून केला हो!”

“तू तर उभा दिसतोस,” मी म्हणालो.

“माझ्या नर्सरीचा! समदी मोसंबी मारली!”

केदारखेड्याच्या पलीकडे आमचं गाव. तिथं सर्जेरावानं मोसंबीच्या कलमांची नर्सरी टाकली होती, आणि तीही सेंद्रिय. पिशव्यांत शेणखत, गांडूळखत आणि माती, युरियाचा दाणा नाही. गावानं त्याला वेड्यात काढलं होतं आणि मग जालन्याचे बागाईतदार गाड्या घेऊन यायला लागल्यावर गाव गप्प बसलं होतं.

चप्पल घालून त्याच्या मागं गेलो. शेडनेटखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक रोपाचं पान पिवळं, टोकाला करपलेलं. निम्मी पानं खाली गळलेली. पिशव्यांच्या तोंडाशी मातीवर पांढरा पापुद्रा धरला होता आणि बुडातून काळपट, चहाच्या रंगाचं पाणी पाझरून वाळलं होतं. इतक्या वर्षांत मी बरीच मेलेली पिकं पाहिली, पण मातीतून काळं पाणी गळताना कधी पाहिलं नव्हतं.

सर्जेराव सांगत होता. मेव्हण्याच्या लग्नाला सगळं घर घेऊन तो जांब समर्थ गावी गेला होता. आठवड्यानं काल संध्याकाळी परत आला, तर हे असं. जनावरं पिऊन मरतील म्हणून त्यानं टाकी आधी रिकामी करून घासून टाकली. म्हणजे मुख्य पुरावा त्यानं स्वतःच ओतून दिला होता.

“कोणी केलं असंल?” मी विचारलं.

“मास्तरनं. साळवे मास्तरनं तेजाब टाकलं टाकीत.”

‘मास्तर’ हा शब्द त्यानं अशा तोंडानं उच्चारला की पुढचं बोलायची त्याला गरज पडली नाही. संपत साळवे हे भोकरदनच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. सेंद्रिय शेतीचा नाद म्हणून दर रविवारी बसनं यायचे आणि फुकट सल्ला द्यायचे. बौद्ध समाजातला शिकलेला माणूस आपल्याला शेती शिकवतो, हे सर्जेरावाला फायद्यापुरतं चालत होतं.

“उद्या सकाळच्या गाडीनं ठाण्यात जाऊन राह्यलो. तुम्ही बरोबर या आणि सही करा.”

साळवे सरांची नोकरी अजून कायम झाली नव्हती. पोलीस फिर्याद झाली की शाळा त्यांना त्याच आठवड्यात घरी बसवणार, हे मला उघड दिसत होतं. खरं-खोटं पुढं चार वर्षांनी कोर्टानं ठरवलं असतं.

“उद्यापर्यंत तोंड बंद ठेव,” मी म्हणालो. माझ्याकडे एकच दिवस होता, आणि गुडघा आताच बोलायला लागला होता.

२

बांधाच्या पलीकडे पुंजारामची नर्सरी. हा सर्जेरावाचा चुलतभाऊ आणि वैरी. भावकीत या दोन गोष्टी एकत्रच येतात. त्याची रोपं हिरवीगार होती, म्हणून आधी त्यालाच गाठला.

“खुशी झाली असंल तुला?”

“झाली,” तो म्हणाला. “खोटं काहून बोलू? पण मी न्हाई केलं. मी बी त्याच लग्नात व्हतो. पंगतीत त्याच्या शेजारी बसून जेवलो, विचारा त्याला.”

ते खरं निघणार हे मला माहीत होतं. लग्नाला भावकी सगळी गेली होती.

“मंग तुझ्या मते काय झालं? सर्जेराव म्हणतो, मास्तर पाणी आंबट करून राह्यला व्हता.”

पुंजारामनं तंबाखू मळता मळता हात थांबवला. “त्याचं बोअर अन माझं बोअर एकच पाणी हाय. जड, खारवट. मास्तरनं त्याच्यात कागद बुडवला, कागद हिरवा-निळा झाला, म्हणला मोसंबीला पाणी जरा आंबूस पाहिजे. मी म्हणलं, सर, शेणखताची माती हाय, ती पाणी सांभाळून घेती. थोडं खारं, थोडं आंबट, तिला काय फरक पडत न्हाई. हे बघा माझी रोपं, याच पाण्यावर हायेत.”

“म्हणजे मास्तरनं आंबट केल्यानं मेली नसतील?”

“एवढ्या तेवढ्या आंबटानं बिलकुल न्हाई. असली माती मारायची म्हणजे लई जोरदार चीज पाहिजे, अन तीबी रोज. तो पापुद्रा पाहिला का? थरावर थर हाय. एका दिवसाचं काम न्हाई ते.” त्यानं तंबाखू तोंडात टाकली. “हप्ताभर पाणी कोण देत व्हतं, त्याला धरा.”

हप्ताभर पाणी देत होती गिरिजा.

३

गिरिजा वस्तीच्या टोकाला राहायची. तिशी-पस्तिशीची, नवरा ऊसतोडीला गेलेला, दोन पोरं सासूजवळ. सर्जेरावाच्या नर्सरीत पिशव्या भरणं, पाणी देणं, निंदणं हे सगळं तीच करायची. मी गेलो तेव्हा ती भाकरी थापत होती. हात तसेच ठेवून उभी राहिली.

“गिरजे, बस. टाकीत काय टाकलं ते सांग.”

“सर म्हणले तेच टाकलं.”

“किती?”

“चार तांबे. रोज सकाळी. एक दिवस चुकले न्हाई मी.” हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि त्यानंच मला कसंतरी झालं.

“रोपं पिवळी पडून राह्यली व्हती, ते दिसलं न्हाई तुला?”

“दिसलं की. तिसऱ्या दिवसापासून दिसलं.”

“मंग थांबली का न्हाई?”

“मी कोण थांबवणारी? सर शिकलेले. अन मालक तर म्हणतेत, गिरजे, तू डोकं चालवू नको, सांगितलं तेवढं कर.” तिनं पदर तोंडाला लावला. “पाटील, मालक मला काढून टाकतेन का हो?”

 तिचं काम जाणार हे नक्की होतं आणि खोटा धीर द्यायचा मला आता कंटाळा येतो.

परत जाताना पुन्हा शेडमध्ये डोकावलो. भिंतीच्या सावलीत एक रांजण होता, तोंडाला फडकं बांधलेलं. सर्जेराव म्हणाला होता की मास्तर पाणी आंबट करायला ताक साठवतो. फडकं सोडलं तर आंबट वासानं डोळ्यांत पाणी आलं. ताकावर बुरशीची साय धरली होती, अखंड, कुठं तांब्या बुडवल्याची खूण नाही. आणि रांजण गळ्यापर्यंत भरलेला होता.

रोज चार तांबे टाकीत गेले होते. पण या रांजणातून एक थेंबही गेला नव्हता.

४

रविवार होता, दुपारच्या बसनं साळवे सर आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मागच्या रविवारी संध्याकाळी गेले ते शाळेच्या परीक्षांत अडकले होते. शेड बघून ते मटकन खाली बसले. अपराधी माणूसही असा बसू शकतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी दया दाखवली नाही.

“सर, काय सांगितलं व्हतं तुम्ही गिरजेला?”

“ताक टाकायला सांगितलं होतं टाकीत. सर्जेराव नव्हते, म्हणून जाता जाता बाईंनाच सांगितलं. बस हॉर्न वाजवत होती.”

“तेजाब?”

“सेंद्रिय मातीत तेजाब? पाटील, मी काय वेडा आहे?” ते चिडले. मग त्यांचा आवाज पडला. “ताकाचीही फारशी गरज नव्हती. पुंजारामांचं बरोबर होतं. पण कागदाचा रंग बघितला की मला राहवत नाही.”

तेवढ्यात सर्जेराव गिरिजाला पुढं घालून घेऊन आला. सर लगेच उठून उभे राहिले.

“गिरिजाबाई, बसा तुम्ही. उन्हातून आलात.”

गिरिजानं मान वळवून मागं पाहिलं, आणि उभीच राहिली. मागं कोणीच नव्हतं.

“पाटील, यांना यातून सोडा,” सर म्हणाले. “यांचा काही दोष असेल असं मला वाटत नाही. जे असेल ते मला विचारा.”

मालकासमोर गिरिजा घाबरून काहीही कबूल करील, म्हणून तिला मी तेव्हा विचारलं नाही. सरांनी खिशातून कागदाच्या पट्ट्या काढल्या. पिशवीवरचा पांढरा पापुद्रा पाण्यात कालवला आणि पट्टी बुडवली. ती गर्द निळी झाली.

“हे आम्ल नाही, पाटील. तेजाब असतं तर पट्टी लाल झाली असती. हे उलटं आहे, जबरदस्त खारं. म्हणून तर शेणखत विरघळून काळं पाणी सुटलंय.”

सर्जेराव कुत्सित हसला. “तेजाब बी त्याचं, कागद बी त्याचाच! कोणत्या रंगाचा कागद आणायचा ते त्यालाच माहीत. काकासाहेब, उद्या गाडी किती वाजता हाय?”

आणि खरं सांगायचं तर, ठाण्यातही हेच म्हणाले असते.

५

घरी जाऊन जेवायला बसलो. साळूबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ताट आदळलं.

“धोतर धुवायला टाकू नका. धुण्याचा सोडा न्हाई घरात. दोनदा गेल्ते कचरूच्या दुकानात, म्हणतो संपला.”

“संपला तर संपला,” मी म्हणालो. जेवताना मला धुण्याचं ऐकायची इच्छा नव्हती.

“असा कसा संपतो? पोतं व्हतं त्याच्याकडं. अन तुमच्या सदऱ्यावरचा तो हळदीचा डाग, सोड्यानं तर तो लालच व्हतो, म्हणून म्हणलं आधी लिंबू...”

घास हातातच राहिला. हळदीवर सोडा पडला की ती लाल होते, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. त्याला शाळेचा कागद लागत नाही. आणि पोतंभर सोडा एका आठवड्यात कुठं जातो, हा प्रश्न मला जेवणापेक्षा मोठा वाटला. ताट तसंच सोडून उठलो. साळूबाई मागून काय बोलली ते इथं लिहीत नाही.

कचरू दुकानात पेंगत होता.

“धुण्याचा सोडा कोणी नेला रे?”

“सर्जेरावच्या घरी गेला. लग्नघर हाय, धुणं लई निघालं असंल म्हणलं.”

“घर तर समदं लग्नाला गेल्तं. धुणं कोणाचं?”

कचरूचे डोळे आता पुरते उघडले. “ते मी कशाला विचारू? सर्जेरावची गिरजी रोज नेऊन राह्यली व्हती.”

६

उन्हं कलल्यावर सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. सर्जेराव, सर, गिरिजा, आणि बोलावलं नसताना पुंजाराम. साळूबाईकडून हळद आणि जुन्या धोतराचा तुकडा मागून आणला होता. त्या तुकड्यावर ओली हळद फासली. एका कोपऱ्यावर बोअरचं साधं पाणी टाकलं, ती पिवळीच राहिली. दुसऱ्यावर रांजणातलं ताक, तरी पिवळीच. तिसऱ्यावर पापुद्रा कालवलेलं पाणी टाकलं आणि हळद सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लालभडक झाली.

“सर्जेराव, हळद तर मास्तरची न्हाई ना?” मी विचारलं. “ही माझ्या घरची हाय. टाकीत धुण्याचा सोडा पडलाय. रोज. पोतंभर.”

सर्जेरावानं तो तुकडा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. आपल्या फिर्यादीतलं तेजाब गेलं, हे त्याला कळलं होतं. मग तो गिरिजाकडे वळला. “गिरजे! सोडा टाकला तू?”

“व्हय,” ती म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. “दुकानातून तुमच्या नावानं आणला. चार तांबे रोज.”

“कोणी सांगितलं तुला?”

गिरिजानं साळवे सरांकडे बोट केलं.

“सरांनीच सांगितलं. सर म्हणले, टाकीत सोडा. माझ्या कानानं ऐकलं.”

सर पुढं आले. “मी असं सांगितलं नाही. शपथेवर सांगतो, सोड्याचं नावही माझ्या तोंडून गेलं नाही.”

“म्हणलेत तुम्ही,” गिरिजा रडवेली झाली. “पोरांची आण घेते. म्हणलेत.”

सर्जेराव आता शांत झाला होता, आणि त्याचा शांतपणा जास्त वाईट. “झालं, काकासाहेब. तेजाब नसंल तर सोडा. साक्षीदार समोर हाय. चला उद्या.”

७

मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसलो.  दोन माणसं समोर होती आणि दोघंही खरं बोलत होती. एवढ्या वर्षांत खोटं ओळखायची सवय लागली आहे, पण दोन्हीकडून खरं आलं की काय करायचं हे कोणी शिकवत नाही.

“गिरजे,” मी म्हणालो, “सर जाताना जे बोलले ते शब्दाला शब्द सांग. आपल्या मनचं घालू नको.”

तिनं डोळे मिटून आठवलं. “सर फाटकात व्हते. म्हणले, ताक फार आंबलंय. रोज सकाळी टाकीत सोडा, चार तांबे. अन पळाले बसकडं.”

“बरोबर?” मी सरांना विचारलं.

“अगदी बरोबर,” ते म्हणाले. “हेच बोललो मी. ताक आंबलंय, ते टाकीत...” आणि ते मध्येच थांबले.

पुंजाराम पुटपुटला, “अरे देवा.”

सर्जेरावाला अजून कळलं नव्हतं. त्याला समजावून सांगावं लागलं. “सरांनी ताक टाकीत सोडा म्हणलं. सोडा म्हणजे ओता. हिनं ऐकलं, टाकीत सोडा. धुण्याचा. अन ताक फार आंबलंय हे तर आधी म्हणलेच व्हते. घरात कालवण आंबट झालं की बायका चिमूट सोडा टाकतेत. हिला वाटलं, आंबट चालत न्हाई, म्हणून ताकाच्या जागी सोडा सांगितला. म्हणून रांजण भरलेलाच राह्यला.”

“पण एवढं न कळायला काय झालं?” सर्जेराव ओरडला. “टाकीत सोडा म्हणजे टाकीत ओत, हे कळंना का तुला? मी रोज काय सांगतो मंग? पाणी सोड म्हणतो ना?”

“तुम्ही सोड म्हणता,” गिरिजा म्हणाली. “गिरजे, पाणी सोड. समदे सोडच म्हणतेत. पाटील बी. कचरू बी. घरी बी. मला कोणी सोडा म्हणत न्हाई, मालक. मंग सोडा म्हणलं तर मला काय, सोडाच वाटणार ना?”

 मला वाटतं सर्जेरावाच्याही ते आत कुठंतरी गेलं असावं, कारण तो इकडंतिकडं बघायला लागला.

“पण मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून तुम्हीच म्हणतो,” सर हळू आवाजात म्हणाले. “या, बसा, कशा आहात, असंच बोलतो.”

गिरिजा त्यांच्याकडे वळली.

“ते मला बोलत व्हता का?” तिनं विचारलं. “मला वाटायचं, माझ्या मागं मालकीणबाई उभ्या असतेन. त्यांना बोलून राह्यले. मी मागं बघायचे तर कोणी नसायचं. मंग म्हणलं, सरांची बोलायची तऱ्हाच तशी असंल.”  “ते समदं मलाच व्हतं?”

“तुम्हालाच,” सर म्हणाले.

मी उठलो आणि सर्जेरावाला बाजूला घेतलं. फिर्यादीवर मी सही करणार नाही, हे त्याला सांगितलं. ठाण्यात हे प्रकरण गेलं तर तिथं पहिला प्रश्न हाच निघेल की या बाईला साध्या मराठीतला एक शब्द का कळला नाही, आणि त्याचं उत्तर तुला सगळ्यांसमोर द्यावं लागेल, हेही सांगितलं. तो एका पिशवीजवळ वाकून करपलेली पानं खुडत राहिला. त्याचं नुकसान खोटं नव्हतं, दोन वर्षांची मेहनत समोर पिवळी पडली होती, आणि त्याबद्दल मला त्याचं वाईटही वाटलं.

“जाऊ द्या ठाणं,” तो शेवटी म्हणाला. “पण हिला उद्यापासून...”

“ही गेली तर राहिलेली रोपं कोण वाचवणार? ऊसतोडीला सगळं गाव गेलंय. तू देतो का पाणी?”

तो गप्प बसला, म्हणजे त्यानं मान्य केलं. या गावात मान्य करणं एवढंच असतं.

कडेच्या दोन रांगांत अजून थोडं हिरवं शिल्लक होतं. तिकडं पाणी कमी पोचायचं म्हणून ती वाचली होती. सर म्हणाले, आता काहीच मिसळायचं नाही, नुसत्या साध्या पाण्यानं पिशव्या चांगल्या धुऊन काढायच्या, खालून स्वच्छ पाणी निघेपर्यंत. बाकीचं माती बघून घेईल. ते टाकीच्या कॉकजवळ गिरिजापाशी गेले. दिवसभरात त्यांचं वय वाढल्यासारखं वाटत होतं. बोलण्याआधी त्यांनी थोडा विचार केला. पुन्हा काही गोंधळ नको, असं त्यांनी मनाशी धरलं असावं.

“गिरिजा,” ते म्हणाले, “ऐक. कॉक फिरव आणि नुसतं पाणी सोड.”

गिरिजाचा हात कॉकवरच थांबला. तिनं मान हलवली.

“न्हाई सर. पहिल्यासारखं बोला,” ती म्हणाली. “आता कळतंय मला.”



“बरं,” ते म्हणाले. “गिरिजाबाई, पाणी सोडा.”

तिनं कॉक फिरवला.